मुरमावरची सायकल: ठाणे आणि नवी मुंबईच्या नवख्यांसाठी

पहिल्यांदा ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर सायकल घेऊन गेले तेव्हा पहाटेचे 5 वाजले होते. उपवनच्या तळ्यावरून चढ सुरू केला आणि वनखात्याच्या चौकीवर एका दादांनी हात दाखवून थांबवलं. "ताई, अंधारात कुठं? बिबट्याची वेळ आहे ही." मग तिथेच कठड्यावर बसून उजाडायची वाट पाहिली, कपाळावर दिवा लावून. सायकल होती, हेल्मेट होतं, हातमोजेसुद्धा होते. कुठे जायचं, कधी जायचं आणि तिथवर पोचायचं कसं, एवढंच ठाऊक नव्हतं.

त्याला आता चार वर्षं झाली. मला कुणीतरी ज्या क्रमाने सांगायला हवं होतं, त्याच क्रमाने इथे लिहिते. डांबर संपतं तिथून पुढे जाणारी सायकल म्हणजे ग्रॅव्हल बाइक. दिसायला रेसिंगच्या सायकलसारखी, हँडल खाली वळलेलं, पण टायर जाड आणि खाचांचे. आपल्याकडे 'ग्रॅव्हल' म्हणजे मुरूम, खडी, लाल माती, उखडलेलं डांबर आणि बैलगाडीची जुनी चाकोरी, सगळं एकाच किलोमीटरात.

1. नकाशा उघडा आणि खाडी कुठे आहे ते बघा

जुनं ठाणे साष्टी बेटावर आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. सायकल हातात आली की ते पायांना आठवतं. बेटाच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, सगळ्यात उंच जांभूळमाळ, साडेचारशे मीटरच्या पुढे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. म्हणजे ठाणेकराला दोनच पर्याय: बेटावरच्या डोंगराकडे वळायचं, किंवा कळव्याचा नाहीतर ऐरोलीचा पूल ओलांडून पलीकडे जायचं. नवी मुंबईकर आधीच पलीकडे आहेत. खारघर-पनवेलच्या लोकांना तर घराबाहेर पडून अर्ध्या तासात मुरूम मिळतो. हेवा वाटतो.

गूगल मॅपवर उपग्रहाचं चित्र लावा आणि तपकिरी बारीक रेघा शोधा. पण रेघ दिसली म्हणून रस्ता आहे असं समजू नका. ती दगडखाणीची वाट असते, नाहीतर एखाद्याच्या शेताचा बांध. स्ट्रावा या ॲपच्या हीटमॅपवरही (सायकलवाले कुठून गेले ते दाखवणारा नकाशा) तोच धोका: तिथे रेघ उमटलीय याचा अर्थ कुणीतरी तिथून गेलंय, एवढाच. तो परवानगी घेऊन गेला होता की पहारेकऱ्याची नजर चुकवून, हे नकाशा सांगत नाही.

एका मोहाबद्दल आधीच सांगते. मुंबईला पाणी नेणाऱ्या जलवाहिन्यांच्या कडेने जाणारी सरळसोट वाट पाहिली की हात शिवशिवतात. ती मुंबई महापालिकेची मालमत्ता आहे, फिरायचा रस्ता नाही. सोडून द्या.

2. सायकल: लगेच नवी घेऊ नका

घरात हायब्रिड सायकल (सरळ हँडलची, रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची) असेल तर पहिले तीन महिने तीच चालवा. टायर 38 मिलिमीटरचे बसतात का, एवढं दुकानात विचारा. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर तरी जागा हवी, नाहीतर ओला चिखल तिथेच अडकून चाक जाम होतं.

नवी घेणार असाल तर तीन गोष्टी बघा, बाकी सगळी सजावट.

पहिली, डिस्क ब्रेक. रिमवर घासणारे ब्रेक पावसात आणि धुळीत दगा देतात.

दुसरी, गिअर. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीएवढे किंवा त्याहून कमी हवेत. पुढे 34 आणि मागे 34 चालेल, मागे 40 असेल तर गुडघे दुवा देतील. विक्रेता "एकूण किती गिअर" हे अभिमानाने सांगतो. ते ऐकून घ्या आणि दाते मोजा.

तिसरी, माप. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मला पहिल्या दुकानात एक नंबर मोठी फ्रेम दिली गेली, "सवय होईल" असं सांगून. सवय मानदुखीची झाली.

3. हवा कमी करा, आणि मग आणखी थोडी कमी करा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा रेंगाळते.

लहानपणापासून आपल्याला शिकवलंय की टायर दगडासारखा टणक हवा. डांबरावर ठीक आहे. मुरमावर तसा टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, मनगटं बधिर होतात आणि वळणावर चाक सटकतं. टायर थोडा मऊ असला की तो खड्याला कवेत घेतो आणि पकड मिळते. माझं वजन 62 किलो. 40 मिलिमीटरच्या टायरला ट्यूब घालून मी पुढे 36 आणि मागे 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. तुमचं वजन 80 असेल तर दोन्हीकडे पाचेक वाढवा. फारच कमी केलीत तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपते आणि सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर झालं की समजायचं, हवा कमी पडली. एकच भोक असेल तर बाभळीचा काटा.

आता सापळा. बहुतेक ग्रॅव्हल बाइकना प्रेस्टा नावाचा बारीक व्हॉल्व्ह असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी त्याला बसत नाही. मला हे ज्ञान शिळफाट्याजवळ झालं, भर उन्हात, पंक्चरवाले चाचा तो व्हॉल्व्ह उलटसुलट बघत "ये क्या लगाया है बेटी" म्हणत असताना. एक चिमुकला पितळी अडॅप्टर मिळतो, बोटाच्या नखाएवढा, चहाच्या किमतीत. तो व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा, हरवणार नाही.

4. घरापासून मुरमापर्यंत

शांत वाटेपर्यंतची वाट शांत नसते. आपल्या भागात हीच खरी अडचण, आणि लोक सायकल विकून टाकतात ती याच कारणाने. चढाला कुणी भीत नाही, कंटेनरला भितात.

घोडबंदर रोडवर सायकल घालू नका. पहाटे रिकामा दिसतो, पण रिकाम्या रस्त्यावर ट्रक सुसाट असतात आणि खड्डा चुकवायला तुम्ही बाजूला सरकलात की मागे कोण आहे ते कळत नाही. मुंब्रा बायपासचंही तेच. पाम बीच रोड गुळगुळीत आहे, पण तिथल्या मोटारींचा वेग पाहता तो मला कधीच आवडला नाही.

ठाण्याहून पलीकडे जायचं तर कळवा, विटावा, दिघा, ऐरोली असं ठाणे-बेलापूर रस्त्याने. खारघर साधारण 25 ते 30 किलोमीटर. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचतं, तेव्हा तो बेत रद्दच. रविवारी उजाडताच निघा, 8च्या आत औद्योगिक पट्टा मागे टाका. येताना दुपार करू नका: 11 नंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि ठाण्याकडे येताना तो नेमका तोंडावर असतो. तीस किलोमीटर वाऱ्याविरुद्ध म्हणजे बिनडोंगराचा घाट.

दुसरा उपाय मला उशिरा सुचला, आणि लाज वाटायचं काही कारण नाही: सायकल गाडीत घाला. दोन्ही चाकं काढली की साध्या हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून एक सायकल सहज मावते. चेन वरच्या बाजूला ठेवा आणि खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर घरचे पुन्हा गाडी देणार नाहीत. दोघंतिघं असाल तर छोटा टेम्पो ठरवा. लोकलमध्ये उभी सायकल घेऊन चढायचा विचार मात्र सोडा. आमच्या ग्रुपमधले सर (निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात) म्हणतात, "सायकल गाडीतून नेणं म्हणजे पोहायला जाताना छत्री नेणं." ते स्वतः मात्र बेलापूरला राहतात, मुरमाच्या जवळ.

5. परवानगी आणि कागद

येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. मोठा रस्ता आणि पाड्यांचे रस्ते वेगळे, जंगलातल्या पायवाटा वेगळ्या. पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "सगळेच जातात" हे उत्तर चौकीवर चालत नाही, आणि चालूही नये. परवानगी हवी असेल तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: किती जण, कोणता दिवस, कोणती वाट. येऊरलाच हवाई दलाचं ठाणं आहे. त्या कुंपणाच्या दिशेने फोटो काढू नका, मागे कितीही सुंदर ढग असले तरी.

बोरिवलीच्या दाराने उद्यानात जाणार असाल तर सोमवारी ते बंद असतं. तिकीट काढून कान्हेरीपर्यंतचा रस्ता चढता येतो. डांबरी आहे, पण झाडी अशी की डांबर माफ.

बरोबर ठेवायचे कागद: आधार कार्डाची प्रत, परवानगीचं पत्र किंवा तिकीट, आणि एका चिठ्ठीवर रक्तगट व घरच्या दोघांचे नंबर. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखालच्या पिशवीत. फोन फुटू शकतो, चिठ्ठी फुटत नाही. सायकलचं बिल आणि फ्रेमखाली कोरलेला नंबर यांचा फोटो घरी ठेवा, चोरीची तक्रार करताना पोलीस तोच मागतात. आणीबाणीला 112, जंगलात प्राणी किंवा वणवा दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन 1926.

6. पहिल्या तीन फेऱ्या

*पहिली, येऊर.* उपवनपासून वर गावापर्यंत. मुरूम थोडा, चढ पुष्कळ. शनिवार-रविवारी वरच्या हॉटेलांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, म्हणून मधल्या वारी जा, उजाडल्यावर. वर वारली पाड्यांमधून फिरणारे अरुंद रस्ते आहेत, तिथे हळू चालवायला शिका. अंगणं रस्त्याला लागून आहेत, कोंबड्या आणि पोरं अचानक येतात. अंधार पडायच्या आत खाली.

*दुसरी, खारघरची टेकडी.* वर फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वाड्या. रस्ता काही ठिकाणी डांबरी, काही ठिकाणी डांबराची फक्त आठवण. नवख्यासाठी आदर्श, कारण पृष्ठभाग बदलत राहतो आणि चुकायला फाटे फारसे नाहीत. सकाळी चालायला येणारे पुष्कळ, म्हणून घंटी हवीच. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला जाऊ नका. तिथे माणसं वाहून गेली आहेत आणि बंदी उगाच घालत नाहीत. टेकडीचा रस्ताही तेव्हा बंद करतात, आधी चौकशी करून निघा.

*तिसरी, पनवेल ते धोदाणी.* माझी सगळ्यात लाडकी. नेरे, मालडुंगे, मग गाढी नदीवरचं देहरंग धरण, ज्याला लोक गाढेश्वर म्हणतात, आणि शेवटी माथेरानच्या पायथ्याचं धोदाणी. एका बाजूला वीस किलोमीटरच्या आत. उजव्या हाताला प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका, समोर माथेरानची भिंत. सूर्य त्या भिंतीमागून उशिरा वर येतो, त्यामुळे हिवाळ्यात साडेआठपर्यंत सावलीतून जाता येतं. मुख्य रस्ता डांबरी, पण वाड्यांकडे फुटणारे फाटे मुरमाचे, आणि खरी मजा तिथे. नेऱ्यापर्यंत बांधकामाचे डंपर असतात, तो तुकडा सकाळी लवकर उरका. धोदाणीतून माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे जाणारी वाट चालायची आहे. सायकल खांद्यावर घेऊन चढणारे वीर मी पाहिलेत, उतरतानाचे त्यांचे चेहरेही पाहिलेत.

या तिन्ही झाल्या की मग वसईजवळचं तुंगारेश्वर, मग उरणकडचं चिरनेर. चिरनेरला जाताना बंदराच्या कंटेनर ट्रेलरांपासून लांबचा रस्ता निवडा. गाव मात्र थांबण्यासारखं. 25 सप्टेंबर 1930 ला तिथल्या आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, हुतात्म्यांचं स्मारक आहे. पाणी प्यायला तिथेच थांबतो आम्ही.

7. चढताना बसा, उतरताना उठा

मुरमाच्या चढावर उभं राहून पेडल मारलं की वजन पुढे जातं आणि मागचं चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून सीटवर बसून, सगळ्यात हलका गिअर, छाती हँडलकडे झुकलेली. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला. मध्येच बदललात तर चेन किंचाळते, कधी तुटते.

उतारावर उलट. सीटवरून किंचित उठा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, कोपरं सैल, नजर चाकापुढे नाही तर दहा-पंधरा मीटर लांब. खडी म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारी समजा: तिच्यावर वळताना ब्रेक दाबायचा नाही. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा. पुढचा ब्रेक एका बोटाने. मी हे शिकले ते खारघरच्या तिसऱ्या वळणावर, कोपरावर अजून खूण आहे.

8. कधी

दिवाळी ते फेब्रुवारी. पावसानंतर लगेच जाऊ नका, ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि त्यात दगड लपतात, सापही. मार्च-एप्रिलमध्ये वणवे लागतात, उन्हात तासाला लिटरभर पाणी लागतं. जून ते सप्टेंबर डांबरावर राहा. शेवाळ धरलेल्या दगडावरून कुठलाही टायर घसरतो, दुकानदार काहीही सांगो.

9. वाड्यांवरून जाताना

वाट विचारायची एक पद्धत आहे. "पुढे रस्ता आहे का?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "हाय की." आणि रस्ता असतोच, त्यांच्या पायांना. विचारायचं असं: "दादा, पुढं मोटारसायकल जाते का?" दुधाचे कॅन लादलेली मोटारसायकल जिथून जाते तिथून तुमची सायकल जाते. आणखी एक, "किती लांब" विचारू नका, "किती वेळ लागतो चालत" विचारा.

पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. पण दहा जणांच्या घोळक्याने एका मावशींच्या हंड्यावर तुटून पडू नका, उन्हाळ्यात ते पाणी लांबून आणलेलं असतं. पोरांना चॉकलेटं वाटू नका. दुसऱ्या वेळेपासून ती सायकलमागे रस्त्यावर धावतात. टपरीवर चहा-भजी घ्या, सुटे पैसे ठेवा. कुत्रं मागे लागलं तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला. त्याला पळणारं चाक हवं असतं, तुम्ही नाही.

बायकांसाठी वेगळं: मी एकटी जाते, पण फक्त आधी दोनदा ग्रुपबरोबर गेलेल्या वाटेवर. फोनवरून माझी जागा नवऱ्याला दिसत राहते. डोंगराआड रेंज जाते, म्हणून "अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर" हे आधीच ठरलेलं असतं.

10. पिशवीत काय

- दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा हातपंप
- ॲलन की असलेलं मल्टीटूल, चेन जोडायची सुटी कडी
- प्रेस्टाचा अडॅप्टर
- मागच्या गिअरचा सुटा हँगर
- बँडेज, जंतुनाशक, मीठ-साखरेची पुडी
- चिक्की, खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू
- समोर पांढरा आणि मागे लाल दिवा, पुलांसाठी

हँगर म्हणजे मागची गिअरची यंत्रणा फ्रेमला जोडणारा ॲल्युमिनियमचा तुकडा. काडी अडकली की तो मोडतो, म्हणजे फ्रेम वाचते. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, त्यामुळे वाटेत कुठल्याच दुकानात मिळत नाही. माझा मालडुंग्याच्या अलीकडे मोडला. चार किलोमीटर ढकलत आले, मग काकडीच्या पोत्यांवर बसून टेम्पोतून पनवेल. टेम्पोवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत, वर दोन काकड्या दिल्या. सायकल घेतानाच सुटा हँगर मागून घ्या, नंतर महिनाभर वाट बघावी लागते.

घरी आल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. धूळ सुक्या कापडाने पुसा, चेन फडक्यात धरून उलटी फिरवा, प्रत्येक कडीवर चेनच्या तेलाचा एक थेंब, आणि वरचं पुसून टाका. खोबरेल नको, त्यावर मुरमाची धूळ चिकटून पीठ होतं. पुसता पुसता मागून बघा, हँगर चाकाला समांतर आहे का.